अडकलेला मणका

“...मग माझी मान तुम्ही बसवणार की नाही, तेवढं सांगा.”

आबा चुलीवरून चहाचं पातेलं उतरवत होते. हात कापत होता, त्यामुळं वेळ लागत होता.

विक्रांत चोरगे उंबऱ्याबाहेरच उभा होता. पायांतले बूट काढायच्या आधीच त्यानं विचारून टाकलं होतं.

पुण्यात त्याचा मोठा दवाखाना होता. औषध न देता, नुसत्या हातांनी पाठीचे मणके जागेवर बसवायचे, ही त्याची विद्या. तिला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. दवाखान्याच्या भिंतीवर त्यानं ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘मणका सरळ, नस मोकळी, माणूस बरा.’ आपलं कधी चुकत नाही, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं. ते मत खोडून काढणारं माणूस त्याच्या आसपास आता कुणी उरलं नव्हतं.

विद्या दिली ती आबा शेलारांनी. आबा ती परदेशातून शिकून आले आणि साताऱ्यात त्यांनी दवाखाना काढला. हात कापायला लागल्यावर दवाखाना बंद केला आणि कोयनेच्या पाण्यापलीकडं, आपल्या गावी येऊन राहिले. गाव म्हणायचं ते जुन्या ओळखीनं. बहुतेक घरांना कुलपं होती. माणसं मुंबईला गेलेली.

“बूट काढ की,” आबा म्हणाले. “आत ये.”

विक्रांतनं डाव्या हातानं बूट काढले. उजवा हात खिशातच ठेवला.

“मला संध्याकाळच्या होडीनं परत जायचंय.”

“चहा घे मग आधी.”

“आबा, मी चहाला आलो नाही.”

“ते दिसतंय. एवढ्या वर्षांत चहाला कोण आलंय इथं?”

आबा हे हसत म्हणाले. पण घरात कप एकच होता. आबांनी तो विक्रांतला दिला आणि स्वतः वाटीत ओतून घेतला.

विक्रांतनं कप डाव्या हातात घेतला.

“उजव्याला काय झालं?”

“अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. सुन्न आहेत.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“आणि सांगायला आत्ता आलास.”

कप खाली ठेवून विक्रांतनं डावा हात हनुवटीला लावला, दुसरा डोक्यामागं नेला आणि मानेला स्वतःच एक झटका दिला.

कट्.

“हे काय होतं?” आबांनी विचारलं.

“सवय आहे. जरा मोकळं वाटतं.”

“रोज करतोस?”

“करतो.”

“दिवसातनं किती वेळा?”

विक्रांतनं कप पुन्हा उचलला. आबांनी वाटी बाजूला ठेवली.

“आवाज कुठनं आला?”

“मानेतून.”

“मानेत सात मणके आहेत. कुठल्यातनं?”

विक्रांतला राग आला. रोज येणाऱ्या शिकाऊ मुलांना तो स्वतः हेच विचारत असे आणि उत्तर चुकलं की सगळ्यांसमोर त्यांचं हसं करत असे.

“आबा, मी काही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नाही.”

“नाहीस. म्हणून तर विचारतोय. अडकलाय कुठला?”

“सहावा. एमआरआयमध्ये दिसतोय. नस दबलीय.”

“आणि आवाज कुणी केला? सहाव्यानं?”

विक्रांतनं खाली पाहिलं.

“ज्याला हलता येतं तो वाजतो,” आबा म्हणाले. “वरचा, खालचा. ते आधीच ढिले. तू पिळलंस की ते वाजतात, तुला वाटतं काम झालं. अडकलेला आहे तिथंच गप्प बसलेला असतो. त्याच्या वाटणीचंही हलणं शेजारच्यांनी करायचं. ते आणखी ढिले होणार, तो आणखी घट्ट होणार. मीच शिकवलेलं आहे ना हे?”

“तुम्हीच.”

“मग?”

“स्वतःची मान स्वतःला बसवता येत नाही, हे मला माहीत आहे, आबा. पण दुखत होतं. काहीतरी करायलाच हवं होतं.”

“दवाखान्यात किती जण आहेत तुझ्या हाताखाली?”

“भरपूर.”

“सगळ्यांना तूच शिकवलंस. त्यांतल्या एकालाही म्हणाला नाहीस, बाबा रे, माझी मान बघ?”

“ते मला सर म्हणतात.”

“बरं.”

“त्यांच्यासमोर मी टेबलावर पालथा झोपू?”

बाहेर कुठंतरी सुतारपक्षी लाकडावर ठोकत होता. एवढ्या मोठ्या दुपारी दुसरा आवाज नव्हता.

विक्रांतला ती शांतता सहन होईना. पुण्यातल्या घरीही रात्री जेवताना तो टीव्ही लावून ठेवायचा, बघत नसला तरी. लग्न मोडल्यापासून घरात दोनच आवाज होते, टीव्हीचा आणि त्याच्या मानेचा.

“मेंदू-मणक्याच्या सर्जननं काय सांगितलं?” आबांनी विचारलं.

“ऑपरेशन.”

“लवकर?”

“उशीर केला तर बोटांतली ताकद जाईल म्हणाले. गेलेली परत येईलच असं नाही म्हणाले.”

“मग करून घे.”

“आबा!” विक्रांत उठून उभा राहिला. “लोक काय म्हणतील? दुसऱ्यांचे मणके बसवणारा, आणि स्वतःची मान सुरीखाली? भिंतीवर काय लिहिलंय मी?”

“काय लिहिलंयस?”

विक्रांतनं ते वाक्य म्हणून दाखवलं. म्हणताना त्याचा आवाज खाली गेला.

“चांगलं आहे,” आबा म्हणाले. “मीही म्हणत होतो असं. सगळं दुखणं मणक्यात असतं, एक मणका हलवला की माणसाचं नशीब बदलतं, इथपर्यंत म्हणत होतो. तरुण होतो. ज्यांच्या पाठी मोकळ्या झाल्या ते येऊन सांगायचे. ज्यांच्या नाही झाल्या ते कशाला येतील सांगायला?”

“म्हणजे ही विद्या खोटी?”

“मी खोटी म्हटलं का? आखडलेली पाठ हातानं मोकळी होते. मी केलीय, तूही केलीस. पण बोटं सुन्न पडलेल्या माणसाच्या मानेला झटका द्यायचा नाही, हा याच विद्येतला नियम आहे. तो भिंतीवर नाही लिहिलास वाटतं.”

“मला नियम माहीत आहे. पण तुमचा हात वेगळा होता. तुम्हाला कळायचं कुठं किती...”

आबांनी दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. हात कापत होते. त्यांनी ते तसेच धरून ठेवले, विक्रांतनं नजर बाजूला वळवेपर्यंत.

“डोळे मीट,” आबा म्हणाले.

“कशाला?”

“मीट म्हणतोय ना. उजवा हात पुढं कर.”

विक्रांतनं डोळे मिटले. अंगठ्यात आणि बोटात काहीतरी आलं. त्यानं चिमटीत दाबून पाहिलं. एकेकाळी याच चिमटीला जाड माणसाच्या चरबीखालची मोहरीएवढी गाठ कळायची. त्यावर त्याचं नाव झालं होतं.

“सांग, काय आहे?”

“लाकूड... काठीचा तुकडा?”

“नीट बघ.”

“शेंग आहे. वाळलेली.”

“उघड डोळे.”

त्याच्या चिमटीत आबांचं बोट होतं.

विक्रांत बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिला. त्यानं ते सोडलं नाही, कारण आपण ते धरलंय हेच त्याला कळत नव्हतं. मग त्याला रडू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं.

आबांनी आपलं बोट काढून घेतलं.

घराच्या एका कोपऱ्यात जुनं सागवानी बाकडं होतं. तोंडासाठी भोक पाडलेलं, साताऱ्याच्या दवाखान्यातलं. विक्रांतनं आल्याबरोबर ते ओळखलं होतं आणि तिकडं पाठ करून बसला होता.

त्या दवाखान्यात एक रीत होती. रोज सकाळी पेशंट आत घ्यायच्या आधी आबा स्वतः त्या बाकड्यावर पालथे झोपायचे. एक शिष्य त्यांची पाठ बघायचा. ज्यानं आबांची पाठ बघितली त्यानं मग स्वतः झोपायचं आणि पुढच्याच्या हातात आपली पाठ द्यायची. असं शेवटच्यापर्यंत. ज्यानं स्वतःची पाठ कुणाला दिली नाही, त्यानं त्या दिवशी कुणाच्या पाठीला हात लावायचा नाही. आबा यावर ऐकून घेत नसत.

एके सकाळी विक्रांतनं आबांची पाठ बघितली. मग त्याची झोपायची पाळी आली. पुढचा होता सदा वाघमळे. मनानं चांगला, हातानं धांदरट.

विक्रांत झोपला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, “माझी मान मी या हातात देणार नाही.” आणि पिशवी उचलून निघून गेला. वर्षभरात बाकीचेही एकेक करून त्याच्याकडं पुण्याला गेले. तिथं ही रीत नव्हती. त्यात सकाळचा वेळ जातो, असं विक्रांतचं म्हणणं होतं.

आता आबा उठले. बाकड्यावरची धूळ पंच्यानं झटकली. सदऱ्याची बटणं काढायला लागले. कापत्या बोटांना बटणं आवरत नव्हती. विक्रांतनं मदत करायला हात पुढं केला आणि मागं घेतला. त्याच्याही बोटांना ती आवरली नसती.

सदरा निघाला. आबा बाकड्यावर पालथे झोपले.

“ठेव हात.”

“आबा, माझ्या हाताला काही कळत नाही. आत्ताच बघितलंत ना.”

“बघितलं.”

“मग कशाला...”

आबांचं तोंड बाकड्याच्या भोकात होतं आणि पाठ वर होती.

विक्रांत जवळ गेला. त्यानं ती पाठ पाहिली आणि जागीच थांबला.

ही पाठ त्याला पाठ होती. डाव्या खांद्याखालचा जुना व्रण, कमरेजवळचा तीळ. पण मधला कणा एका बाजूला ओढला गेला होता. खांद्याची पाती वर आली होती आणि त्यांच्यामधलं मांस दगड होऊन बसलं होतं. अशी पाठ त्यानं खूप वेळा पाहिली होती. एकट्या माणसांची असायची. पेशंटच्या बाबतीत तो एक्स-रे बघायचा आणि कोनांबद्दल बोलायचा.

त्यानं बोटं ठेवली नाहीत. तळवा ठेवला. मग दुसरा तळवा ठेवला.

आबांची पाठ आधी आक्रसली. अंगावर काटा आला, तो विक्रांतला डोळ्यांनी दिसला.

“आबा... शेवटचं कुणी बघितलं होतं हिला?”

“तू.”

“मी? कधी?”

“गेलास त्या सकाळी.”

खालून, बाकड्याच्या भोकातून, आबांचा आवाज पुन्हा आला.

“तू गेल्यावर मी या बाकड्यावर झोपलो नाही पुन्हा.”

“बाकीचे होते की. सदा होता.”

“सदानं त्या दिवसानंतर कुणाला हात लावला नाही. कुरिअरच्या ऑफिसात लागला. चांगलं चाललंय म्हणतात.”

“आणि बाकीचे?”

“ते होते वर्षभर. रोज सकाळी बाकड्याभोवती उभे राहायचे. मी म्हणायचो, आज राहू दे, पेशंट खोळंबलेत.”

“का, आबा?”

“राग आला होता. मग रागाची सवय लागली. तुलाच ही खोड आहे असं समजू नकोस.”

विक्रांतचे हात तसेच राहिले. काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. बोटांना गाठ लागत नव्हती, सांधा लागत नव्हता. दाब किती द्यायचा याचा अंदाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एका पाठीवर हात ठेवला होता आणि काहीच करत नव्हता. त्याला फार लाज वाटत होती, पण हात उचलवत नव्हते.

खूप वेळानं आबांच्या फासळ्या रुंद झाल्या आणि त्यांनी लांब श्वास सोडला. मणका एकही हलला नव्हता. पाठ तशीच वाकडी होती. पात्यांमधलं मांस मात्र तळव्याखाली थोडं खाली बसलं होतं. निदान विक्रांतला तसं वाटलं. आपल्या हातांवर त्याचा आता विश्वास नव्हता.

“बास,” आबा म्हणाले.

ते सावकाश उठून बसले. सदरा खांद्यावर टाकला. बटणं लावायच्या फंदात पडले नाहीत. बाकड्यावरून उतरले आणि बाजूला उभे राहिले.

“आता तू.”

“झटका देणार?” विक्रांतनं एकदम विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती आणि ती लपत नव्हती.

“नाही.”

“मग?”

“नाही म्हटलं ना.”

“मग झोपून काय उपयोग? बोटं तशीच राहणार.”

“राहणार. ऑपरेशन करून घेईपर्यंत राहणार. त्यानंतरचं सर्जनला विचार.”

“मग मी इथपर्यंत आलो कशाला?”

“ते मला काय विचारतोस?”

खाली पाण्यावरून नावाड्यानं हाळी दिली. “ओ पाव्हणं! शेवटची फेरी हाय! येताय न्हवं?”

विक्रांत दारात गेला. पाणी संथ पडलं होतं. पलीकडच्या काठावर त्याची गाडी उभी होती, लांबून खेळण्यातली वाटावी एवढी. त्या गाडीतून पुण्याला जायचं, रिकाम्या घराचं कुलूप डाव्या हातानं उघडायचं, टीव्ही लावायचा. सकाळी दवाखान्यात उजवा हात खिशात घालून फिरायचं आणि शिकाऊ मुलांना म्हणायचं, आज तुम्ही करा, मी बघतो. गेले काही महिने हेच चाललं होतं. कुणाला शंकासुद्धा आली नव्हती. तेच त्याला आता सगळ्यांत वाईट वाटलं.

त्याचा डावा हात हनुवटीकडं गेला. बोटं जबड्यावर बसली. झटक्यासाठी मान तयार झाली...

आबा मागून बघत होते. थांब म्हणाले नाहीत.

विक्रांतनं हात खाली घेतला.

“तुम्ही जा!” तो नावाड्याला ओरडला. “मी उद्या येतो!”

“उद्या दुपारच्याला येतो बघा मी!”

“चालेल!”

होडीचं इंजिन सुरू झालं आणि आवाज लांब जात जात विरून गेला. विक्रांत आत आला. त्यानं शर्ट काढला. एका हातानं काढायला वेळ लागला. आबांनी घाई केली नाही.

तो बाकड्याशी उभा राहिला. इतकी माणसं त्यानं असल्या टेबलावर झोपवली होती, ‘निर्धास्त पडा, काही होत नाही’ म्हणून. पालथं होताना मान उघडी राहते, मागं कोण काय करतंय ते दिसत नाही, हे तो पार विसरून गेला होता.

तो झोपला. तोंड भोकात गेलं. खाली शेणानं सारवलेली जमीन दिसत होती. एक मुंगी भाताचं शीत ओढत होती.

आबांचा हात त्याच्या मानेवर आला.

हात कापत होता. थरथर मानेत उतरली, खांद्यात गेली. बोटांना कळत नसलं तरी मानेला नीट कळत होतं. विक्रांतनं डोळे घट्ट मिटले आणि नकळत झटक्याची वाट पाहिली. एवढ्या वर्षांची सवय.

झटका आला नाही.

हात तिथंच राहिला. दाबत नव्हता, शोधत नव्हता.

“दुखतंय?” आबांनी विचारलं.

“नाही.”

“झोप लागते रात्री?”

“लागते.”

“घरी कसं काय?”

“ठीक आहे सगळं.”

“ऑपरेशनची भीती वाटते?”

“छे. भीती कसली त्यात.”

...

मुंगी जमिनीच्या भेगेत गेली. शीत भेगेच्या तोंडाशी अडकून राहिलं. घरात अंधारायला लागलं होतं, पण आबांनी दिवा लावला नाही. दिव्यासाठी हात काढावा लागला असता.

...

विक्रांतचा श्वास अडखळला. खांदे एकदा हलले आणि त्यानं ते दाबून धरले.

आबा त्याच्या मानेवर थोडे वाकले. अगदी हळू, जवळून म्हणाले,

“विक्रांत, आता तुझं तोंड मला दिसत नाही. आता सांग.”